एक पूल, दोन नियमावल्या : माहिती अधिकाराचे नियम सुटसुटीत करताना काय काढावे, काय ठेवावे

रेल्वेमार्गावरचा उड्डाणपूल दिसायला एक असतो, पण कागदोपत्री बहुतेक वेळा दोन. रुळांवरचा मधला भाग रेल्वे बांधते आणि दोन्ही बाजूंचे पोहोचरस्ते राज्याचा सार्वजनिक बांधकाम विभाग. ठेकेदार वेगळे, मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाची मापे नोंदवायच्या वह्या) वेगळ्या, दोषदायित्वाच्या, म्हणजे कामातले दोष ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायच्या, मुदतीही वेगळ्या. मधल्या सांध्यावर खड्डे पडू लागले की कागद मागायला निघालेल्या माणसाच्या लक्षात येते की माहिती अधिकाराचा कायदा एक असला तरी नियमावल्या दोन आहेत.

पुढचे प्रकरण अशाच एका पुलाचे आहे. ते नमुन्यादाखल रचले आहे, त्यामुळे गाव, कार्यालय आणि अर्जदार यांना नावे नाहीत. पृष्ठसंख्या आणि शब्दसंख्या हिशेबापुरत्या धरल्या आहेत. कलमे, नियम, दर आणि मुदती मात्र प्रत्यक्षातल्या आहेत.

मागणी काय होती

अर्जदाराने एकाच कागदावर पाच गोष्टी मागितल्या : करारनामा आणि कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका आणि अंतिम देयक, काँक्रीट आणि भरावाचे चाचणी अहवाल, पूल खुला झाल्यानंतर दुरुस्तीबाबत ठेकेदाराशी झालेला पत्रव्यवहार, आणि सांध्याजवळच्या काँक्रीटचा प्रमाणित नमुना. शेवटची मागणी वाचून अनेक जन माहिती अधिकारी, म्हणजे अर्जांना उत्तर देण्यासाठी नेमलेले अधिकारी, चमकतात, पण २००५ च्या कायद्यातल्या कलम २(ञ) मध्ये कामाची पाहणी, दस्तऐवजांची टिपणे व प्रमाणित प्रती आणि साहित्याचे प्रमाणित नमुने या तिन्ही गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या आहेत.

मजकूर १९० शब्दांचा झाला. अर्जदाराने त्याच्या दोन प्रती काढल्या, दोन्हींवर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला आणि एक रेल्वेकडे, एक बांधकाम विभागाकडे पाठवली. दोन्ही अर्ज अडकले, पण कारणे वेगवेगळी होती.

रेल्वेकडे काय झाले

केंद्राच्या कार्यालयांना माहितीचा अधिकार नियम, २०१२ लागू आहेत. ३१ जुलै २०१२ रोजी अधिसूचित झालेल्या या नियमांनी २००५ च्या दोन वेगळ्या नियमावल्या, शुल्काची आणि केंद्रीय माहिती आयोगापुढच्या अपिलाच्या पद्धतीची, एकत्र केल्या. शुल्क दहाच रुपये. ते कसे भरायचे हे नियम ६ सांगतो : रोख, लेखा अधिकाऱ्याच्या नावे धनाकर्ष (डिमांड ड्राफ्ट), बँकर्स चेक किंवा भारतीय पोस्टल ऑर्डर, अथवा सोय असेल तर इलेक्ट्रॉनिक पद्धतीने. त्या यादीत कोर्ट फी स्टॅम्प नाही. महाराष्ट्राच्या नियमांत आहे आणि इथल्या अर्जदाराच्या हाताला तोच सवयीचा असतो. म्हणून अर्ज शुल्काअभावी परत आला. रक्कम तीच, हेतू तोच, तिकीट मात्र चुकीच्या सरकारचे.

इथे आणखी एक गुंता आहे, तो फार कमी जणांना ठाऊक असतो. कलम ६(३) म्हणते की माहिती दुसऱ्या सार्वजनिक प्राधिकरणाकडे असेल तर अर्ज, किंवा त्याचा तेवढा भाग, शक्य तितक्या लवकर आणि उशिरात उशिरा पाच दिवसांत तिकडे पाठवावा आणि अर्जदाराला तसे कळवावे. त्यामुळे पोहोचरस्त्यांचा भाग रेल्वे आपणहून बांधकाम विभागाकडे पाठवील अशी अपेक्षा रास्त वाटते. केंद्राच्या कार्मिक व प्रशिक्षण विभागाच्या मार्गदर्शक सूचना मात्र वेगळे सांगतात : माहिती राज्य सरकारच्या प्राधिकरणाकडे असेल तर अर्जदाराला तसे कळवावे, अर्ज हस्तांतरित करण्याची गरज नाही. कायद्याच्या कलमात केंद्र आणि राज्य अशी भिंत कुठेच नाही, ती सूचनेने उभी केली. कारण उघड आहे : शुल्क केंद्राच्या खात्यात जमा झाले आणि काम राज्याने करायचे, हा दहा रुपयांचा हिशेब जुळत नाही. तो न जुळणे परवडले असते असे आमचे मत.

व्यवहारात यावर उपाय एकच. दोन सरकारांची मालमत्ता असेल तिथे सुरुवातीलाच दोन स्वतंत्र अर्ज करावेत, प्रत्येकात फक्त त्या-त्या भागाचे कागद मागावेत आणि शुल्क त्या-त्या नियमावलीप्रमाणे भरावे. केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर शुल्काची अडचण उरत नाही, मात्र तिथे मजकुराच्या रकान्याला ३,००० अक्षरांची मर्यादा आहे. त्यापुढचे लिखाण जोडपत्र म्हणून चढवावे लागते.

बांधकाम विभागाकडे काय झाले

इथे शुल्क बरोबर होते. अडले ते लांबीवर. महाराष्ट्राने २००५ च्या आपल्या नियमांत २०१२ मध्ये दुरुस्ती केली आणि दोन अटी घातल्या : अर्ज एकाच विषयाशी संबंधित असावा आणि तो सर्वसाधारणपणे १५० शब्दांहून मोठा नसावा. विषय एकाहून अधिक असतील तर जन माहिती अधिकारी पहिल्या विषयापुरते उत्तर देऊन बाकीच्यांसाठी वेगळे अर्ज करायला सांगू शकतो. कर्नाटकाने २००८ मध्येच असा नियम केला होता.

अधिकाऱ्याने नेमके तेच केले. तिसाव्या, म्हणजे मुदतीच्या शेवटच्या, दिवशी उत्तर आले : करारनामा आणि कार्यारंभ आदेश देता येईल, अमुक शुल्क भरा, उरलेल्या मागण्या स्वतंत्र विषय असल्याने त्यांचे स्वतंत्र अर्ज करावेत. ‘विषय’ म्हणजे काय याची व्याख्या नियमात नाही. अर्जदाराच्या दृष्टीने विषय एकच : हा पूल. अधिकाऱ्याच्या दृष्टीने करारनामा निविदा शाखेत, मोजमाप पुस्तिका उपविभागात, चाचणी अहवाल गुणनियंत्रणाकडे आणि देयके लेखा शाखेत. म्हणजे विषय चार. दोघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात, आणि ज्या नियमाचे असे दोन अर्थ निघतात तो नियम वाईट लिहिलेला असतो.

आता हिशेब पाहा. काँक्रीटचा नमुना बाजूला ठेवू. करारनामा आणि आदेश १४० पाने, मोजमाप पुस्तिका आणि देयके ९०, चाचणी अहवाल ७०, पत्रव्यवहार ४०. एकूण ३४० पाने, दर पानाला दोन रुपये, म्हणजे ६८० रुपये. हे सगळे एका अर्जात दिले तर सरकारकडे ६९० रुपये जमा होतात, चार अर्ज करून घेतले तर ७२०. तीस रुपये जास्त मिळवण्यासाठी कार्यालयाला चार आवक नोंदी, चार मागणीपत्रे, चार पावत्या, चार टपाल आणि चार वेगवेगळ्या मुदती सांभाळाव्या लागतात. अर्जदार असमाधानी राहिला तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे चार प्रथम अपिले येतात, त्यांच्या चार सुनावण्या लावाव्या लागतात. नियम कामाचा बोजा कमी करण्यासाठी केला, आणि प्रत्यक्षात त्याने तोच बोजा चौपट करून त्याच टेबलावर परत ठेवला. अर्जांची संख्या फुगते ती वेगळीच. वार्षिक अहवालात मग ‘अर्ज वाढत चालले आहेत’ असे दिसते आणि आणखी कडक नियमांची मागणी होते.

वेळेचा हिशेब याहून वाईट. पहिल्या उत्तराला ३० दिवस लागले, नव्या तीन अर्जांना पुन्हा ३०. त्यात शुल्कमागणीचा काळ धरलेला नाही. कलम ७(३) नुसार मागणीपत्र रवाना झाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीतून वगळले जातात. मागणीपत्र बाराव्या दिवशी निघाले आणि अर्जदाराने पंधरा दिवसांनी पैसे भरले, तर अधिकाऱ्याकडे १८ दिवस उरतात, नवे ३० नाहीत. ही चूक दोन्ही बाजूंनी सर्रास होते : अधिकारी पैसे मिळाल्यापासून पुन्हा तीस मोजतो, आणि अर्जदार वगळलेले दिवस न वगळता एकतिसाव्या दिवशी अपील ठोकतो, तेही मुदतपूर्व म्हणून निकाली निघते.

शब्द जास्त म्हणून अर्ज नाकारता येतो का

येत नाही. कलम ७(१) अधिकाऱ्यापुढे दोनच मार्ग ठेवते : शुल्क घेऊन माहिती द्यायची, किंवा कलम ८ आणि ९ मधल्या कारणांपैकी एखादे दाखवून विनंती फेटाळायची. ‘अर्ज लांब आहे’ हे कारण कलम ८ मध्येही नाही आणि ९ मध्येही. नियम कलम २७ खाली केलेले असतात, आणि ते कलम कायद्याच्या तरतुदी अमलात आणण्यासाठी नियम करू देते, त्यांत नवी भर घालण्यासाठी नव्हे. महाराष्ट्राच्या नियमात ‘सर्वसाधारणपणे’ हा शब्द आहे तो याच भीतीपोटी असावा, पण कार्यालयात पोचेपर्यंत तो गळून पडतो आणि ‘१५०’ एवढेच उरते.

केंद्राच्या नियमाची बांधणी इथे पाहण्यासारखी आहे. डिसेंबर २०१० मध्ये प्रसृत झालेल्या मसुद्यात २५० शब्द आणि एक विषय अशा दोन्ही अटी होत्या. हरकती आल्या. अंतिम नियमात मर्यादा ५०० शब्दांची झाली, त्यातून अर्जदाराचा व अधिकाऱ्याचा पत्ता आणि जोडपत्रे वगळली गेली, एका विषयाची अट काढून टाकली, आणि एक परंतुक, म्हणजे नियमाला जोडलेली अट, जोडले : केवळ ५०० हून अधिक शब्द आहेत या कारणावरून कोणताही अर्ज नाकारला जाणार नाही. मर्यादा ठेवली, पण तिचे हत्यार होऊ दिले नाही. केंद्राच्या संपूर्ण २०१२ च्या नियमावलीतले एवढे एक वाक्य राज्याने उचलले असते तरी वरच्या प्रकरणातले निम्मे त्रांगडे सुटले असते. आयोगाकडच्या अपिलाबाबतही केंद्राने हेच धोरण ठेवले आहे : आवश्यक कागद जोडलेले असतील तर केवळ ठरवून दिलेल्या नमुन्यात (फॉर्ममध्ये) नाही म्हणून अपील फेटाळता येत नाही.

याउलट महाराष्ट्रात जोडपत्र ‘अ’ मध्ये अर्ज, ‘ब’ मध्ये प्रथम अपील, ‘क’ मध्ये दुसरे अपील. कलम ६(१) मध्ये मात्र नमुन्याचा उल्लेखही नाही : लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक विनंती, इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत, शुल्कासह. बस. दोन्ही अपिलांना राज्यात प्रत्येकी वीस रुपयांचा स्टॅम्प लागतो. कलम २७(२) मध्ये शुल्काचे जे विषय नावानिशी दिले आहेत ते कलम ४(४), ६(१), ७(१) आणि ७(५) चे आहेत. अपिलाचे शुल्क त्यांत नाही, आणि केंद्र ते घेतही नाही. वीस रुपये कोणाला जड जात नसतील, पण स्टॅम्प न लावल्यामुळे पडून राहिलेल्या अपिलाची तीस दिवसांची मुदत उलटून जाते, हा खरा तोटा.

आणि एक पेन्सिल. राज्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनुसार अभिलेख पाहायला येणाऱ्याने सोबत फक्त पेन्सिल ठेवायची, लिहिण्याची बाकी साधने जन माहिती अधिकाऱ्याकडे जमा करायची. मूळ नोंदीत कोणी शाईने खाडाखोड करू नये हा विचार अगदी चुकीचा नाही. पण त्यासाठी समोर एक लिपिक बसवणे पुरते.

इतके नियम येतात कुठून

कायद्याने नियम करण्याचा अधिकार एकाच्या हाती ठेवलेला नाही. कलम २७ खाली केंद्र आणि प्रत्येक राज्य सरकार, कलम २८ खाली सक्षम प्राधिकारी, म्हणजे लोकसभा व विधानसभांचे अध्यक्ष, राज्यसभा व विधान परिषदांचे सभापती, सर्वोच्च न्यायालयाचे आणि उच्च न्यायालयांचे मुख्य न्यायमूर्ती, राष्ट्रपती, राज्यपाल. उच्च न्यायालयेच पंचवीस आहेत. इलाहाबाद उच्च न्यायालयाच्या नियमांत एका अर्जाला ५०० रुपये शुल्क होते. २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘कॉमन कॉज’ प्रकरणात सांगितले की अर्जाचे शुल्क साधारणतः ५० रुपयांहून आणि प्रतीचे शुल्क दर पानाला ५ रुपयांहून अधिक असू नये, आणि अर्जदाराला हेतू विचारला जाऊ नये. हेतू न विचारण्याची तरतूद तर कलम ६(२) मध्ये पहिल्या दिवसापासून आहे. ती नियमांना न्यायालयाकडून शिकवावी लागली.

अमेरिकेत ही अडचण वेगळ्या रूपात आहे. तिथे प्रत्येक संघीय संस्था आपली माहितीविषयक नियमावली स्वतः लिहिते. २०१६ च्या दुरुस्ती कायद्याने सगळ्यांना १८० दिवसांत नियम तपासून सुधारायला सांगितले, अपिलाला किमान ९० दिवस द्यायला लावले, आणि न्याय विभागाच्या कार्यालयाने एक आदर्श नमुना तयार करून दिला. अधिकार ज्याचा त्याच्याकडेच राहिला, पण साचा एक झाला. आपल्याकडे कलम २७ आणि २८ ला हात न लावता हे करता येण्याजोगे आहे.

नव्या नियमावलीत काय असावे

या पुलाच्या प्रकरणावरून उलट चालत गेले तर दुरुस्त्या फार नाहीत. शुल्क भरण्याच्या सर्व पद्धती दोन्ही सरकारांनी परस्परांच्या मानाव्यात. कोर्ट फी स्टॅम्प चालत नसेल तर अर्ज परत न पाठवता तो नोंदवावा आणि दहा रुपये भरण्यास एका पत्राने कळवावे. एका विषयाची अट काढावी. ती ठेवायचीच असेल तर ‘विषय’ म्हणजे एक काम, एक योजना, एक प्रकरण किंवा एक नस्ती (फाइल) अशी व्याख्या द्यावी. शब्दमर्यादेला केंद्रासारखे परंतुक जोडावे. जोडपत्रे ऐच्छिक करावीत. अपिलाचे शुल्क काढावे.

यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे नियमाने अर्जदाराला कमी आणि उत्तराला जास्त बांधावे. बहुतेक अपिले उत्तरातल्या त्रुटींतून येतात. मागणीपत्रात पानांची संख्या, दर, एकूण रक्कम, हिशेब कसा केला ते, भरण्याची जागा व पद्धत, आणि शुल्काविरुद्ध कोणाकडे दाद मागायची हे सगळे हवे. यातला हिशेब आणि दाद मागण्याचा तपशील तर कलम ७(३) मध्येच आहे. ‘अंदाजे शुल्क भरावे’ असे पत्र म्हणजे मागणीपत्र नव्हे, आणि त्यामुळे मुदतीतले दिवसही वगळले जात नाहीत असे नियमातच लिहावे. नकाराच्या पत्रात कलम ७(८) प्रमाणे कारण, अपिलाची मुदत आणि अपिलीय प्राधिकाऱ्याचा तपशील हवा. नुसते ‘कलम ८ खाली नाकारण्यात येते’ हे कारण होत नाही, उपकलम आणि ते का लागू पडते हे लिहावे लागते.

पुलाच्या प्रकरणात नकाराच्या कारणाचा हा प्रश्न ठेकेदारापाशी उभा राहिला. अधिकाऱ्याने चारही मागण्यांसाठी ठेकेदाराला कलम ११ ची नोटीस काढण्याचा विचार केला होता. ही सवय महाग पडते. ती नोटीस फक्त त्रयस्थाने दिलेली वा त्याच्याशी संबंधित, आणि त्याने गोपनीय मानलेली माहिती उघड करायची असेल तेव्हा लागते : पाच दिवसांत नोटीस, ठेकेदाराला म्हणणे मांडायला दहा दिवस, अर्जापासून चाळीस दिवसांत निर्णय. सरकारशी झालेला करारनामा, सरकारी अभियंत्याने लिहिलेली मोजमाप पुस्तिका आणि सरकारी तिजोरीतून निघालेले देयक यांना व्यापारी गुपिताचे कवच, म्हणजे कलम ८(१)(घ), लावणे कठीण आहे. ठेकेदाराच्या बँक खात्याचा क्रमांक असलेला भाग कलम १० प्रमाणे झाकावा आणि बाकीचे पान द्यावे. ठेकेदाराने ‘नको’ म्हटले तरी निर्णय अधिकाऱ्याचाच असतो.

मुदत चुकली तर काय, हेही नियमावलीने सोप्या भाषेत सांगायला हवे. तीस दिवस उलटले की कलम ७(६) खाली माहिती विनामूल्य द्यावी लागते. या प्रकरणात करारनाम्याची मागणी तिसाव्या दिवशी निघाली म्हणून २८० रुपये वाचले नाहीत, एक दिवस उशीर झाला असता तर वाचले असते. प्रथम अपील तीस दिवसांत करायचे, त्याचा निर्णय तीस दिवसांत, कारणे नोंदवून जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत. दुसरे अपील नव्वद दिवसांत आयोगाकडे. दंड रोज २५० रुपये, कमाल २५,००० रुपये, आणि तो आयोगच लावू शकतो, प्रथम अपिलीय प्राधिकारी नाही. कागद हवे असतील तर कलम १९ चे अपील करावे. कलम १८ च्या तक्रारीतून कागद मिळत नाहीत, दंडाची कारवाई होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मणिपूरच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. अनेक जण तक्रार करून महिनोन्‌महिने थांबतात आणि कागदांसाठी पुन्हा पहिल्या पायरीवर येतात.

अर्जच लागू नये यासाठी

कलम ४(१)(ख) खाली सतरा बाबी आपणहून प्रसिद्ध करायच्या आहेत. त्यांत अर्थसंकल्प आणि वितरणाचे अहवाल येतात, परवाने आणि सवलती मिळालेल्यांचा तपशील येतो. कामाचा करारनामा, कार्यारंभ आदेश, दोषदायित्वाची मुदत आणि अंतिम देयक एवढे चार कागद प्रत्येक पूर्ण झालेल्या कामासाठी संकेतस्थळावर टाकण्याची सक्ती नियमात घातली, तर या प्रकरणातली बरीच पाने मागावीच लागणार नाहीत.

राज्याच्या हाती आणखी एक साधन आधीच आहे. २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाने जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू देण्याची व्यवस्था केली. पुलाच्या अर्जदाराने आधी अशा सोमवारी विभागीय कार्यालयात जाऊन नस्त्या पाहिल्या असत्या, तर ३४० पानांपैकी कामाची नेमकी किती ते कळले असते. मोजमाप पुस्तिकेतली सांध्याची नोंद, त्या दिवसाचा चाचणी अहवाल, दोषदायित्वाचे कलम आणि ठेकेदाराला गेलेली दोन-तीन पत्रे, अशी पंधरा-वीस पाने. पृष्ठ क्रमांकासह मागितलेल्या पंधरा पानांचा अर्ज पन्नास शब्दांत बसतो, त्याचे शुल्क तीस रुपये होते, आणि ‘विषय किती’ हा प्रश्न विचारायला कोणाला सवडच राहत नाही.